पाठीवरचा आकडा : भारतीय हॉकीतील जागा, खेळाडू आणि महाराष्ट्र

एखाद्या संघाच्या प्रत्येक क्रमांकाची जर्सी घालणाऱ्यांत सर्वश्रेष्ठ कोण, हा प्रश्न आज क्रीडारसिकांच्या गप्पांत सहज येतो. पण भारतीय हॉकीच्या इतिहासाला तो जसाच्या तसा लावता येत नाही, कारण या खेळात खेळाडूच्या पाठीवरचा आकडा सुरुवातीला त्या माणसाचा नव्हताच. तो मैदानावरच्या जागेचा आकडा होता. जो त्या जागेवर उभा राही त्याच्या पाठीवर तो चढे, आणि तो बाजूला झाला की पुढच्याकडे जाई. पुढे खेळाचे नियम बदलले, मैदानाची माती जाऊन तिथे कृत्रिम गवत आले, अकराच्या ऐवजी सोळा खेळाडूंनी सामना खेळायचा अशी पद्धत पडली आणि आकडा हळूहळू जागेपासून सुटून माणसाला चिकटला. म्हणून ‘नऊ क्रमांकाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू’ या शब्दांचा १९३६ मधला अर्थ आणि २०२४ मधला अर्थ वेगवेगळा ठरतो, आणि या दोन अर्थांमधले अंतर मोजताना मुंबई, पुणे, बेळगाव आणि महू या गावांची नावे वारंवार पुढे येतात.

क्रमाने माणूस ओळखण्याची रीत महाराष्ट्राच्या मैदानांना परकी नव्हती. धुळे शहरातून पांझरा ओलांडून देवपुरात गेल्यावर शाळा-महाविद्यालयांच्या ज्या मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या खो-खो खेळला गेला, तिथल्या खेळाडूंना ती नियमातूनच परिचित होती. खो-खोत बचाव करणारे खेळाडू तीन-तीनच्या तुकड्यांनी मैदानात उतरतात आणि कोण कितव्या क्रमाने उतरणार याची नोंद डाव सुरू होण्यापूर्वी गुणलेखकाकडे करावी लागते; त्यामुळे पहिल्या तुकडीत कोणाला घालायचे आणि शेवटच्या मिनिटांसाठी कोणाला राखून ठेवायचे, हे त्या खेळातले मोठे डावपेच होऊन बसले. हा क्रम वेळेचा होता. हॉकीचा क्रम जागेचा होता, आणि तो आला इंग्लंडमधल्या फुटबॉलकडून.

२५ ऑगस्ट १९२८ रोजी इंग्लंडच्या साखळी स्पर्धेत आर्सेनल आणि शेफील्ड वेन्सडे यांच्या सामन्यात खेळाडूंच्या पाठीवर आकडे दिसले. १९३३ च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यात एका संघाला १ ते ११ आणि दुसऱ्याला १२ ते २२ असे आकडे दिले गेले, आणि १९३९ मध्ये इंग्लिश साखळी स्पर्धेने दोन्ही संघांसाठी १ ते ११ ही पद्धत सक्तीची केली. त्या काळी फुटबॉल व हॉकी या दोन्ही खेळांत संघाची मांडणी सारखीच असे : गोलरक्षक एक, त्याच्यापुढे बचावाचे दोन बॅक, मधल्या फळीत तीन हाफ आणि आघाडीला पाच फॉरवर्ड. गोलरक्षकापासून सुरुवात करून प्रत्येक फळीत उजवीकडून डावीकडे मोजत गेले की १ हा गोलरक्षक, २ राइट बॅक, ३ लेफ्ट बॅक, ४ राइट हाफ, ५ सेंटर हाफ, ६ लेफ्ट हाफ आणि पुढे ७ राइट आउट, ८ राइट इन, ९ सेंटर फॉरवर्ड, १० लेफ्ट इन, ११ लेफ्ट आउट असा क्रम लागतो. ‘आउट’ म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा फॉरवर्ड आणि ‘इन’ म्हणजे त्याच्या व सेंटर फॉरवर्डच्या मधला. ही नावे भारतातल्या जुन्या हॉकीपटूंच्या तोंडी अजूनही आहेत.

हा क्रम बर्लिन ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यातील भारतीय संघाला लावून पाहण्यासारखा आहे, कारण तो संघ या मांडणीचा सर्वांत गाजलेला नमुना मानला जातो. १५ ऑगस्ट १९३६ रोजी जर्मनीविरुद्ध गोलमध्ये रिचर्ड ॲलन होते. बॅक म्हणून कार्लाइल टॅपसेल व मोहम्मद हुसेन, हाफ म्हणून बाबू निमल, कलेन व गॅलिबर्डी, आणि आघाडीला शहाबुद्दीन, दारा, ध्यानचंद, रूपसिंग व जाफर. या हिशेबाने ९ ची जागा ध्यानचंदांची, १० ची त्यांचे धाकटे बंधू रूपसिंग यांची, आणि ४ ची पुण्याच्या बाबू निमल यांची. ऑलिंपिकपूर्वीच्या सराव सामन्यात याच जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले होते, म्हणून घाईने दारा यांना भारतातून बोलावून घेतले गेले. अंतिम सामन्यात मध्यंतरापर्यंत भारताचा एकच गोल झाला होता आणि शेवटी निकाल ८-१ लागला. त्या आठ गोलांच्या वर्णनांत निमल यांचे नाव फारसे येत नाही. यात नवल नाही, कारण राइट हाफचे काम गोल करण्याचे नसून समोरच्या लेफ्ट आउटला बांधून ठेवण्याचे आणि सुटलेला चेंडू आपल्या राइट इनच्या स्टिकवर पोचवण्याचे असते. पण फॉरवर्डच्या प्रत्येक गोलामागे कोणत्या तरी हाफने दिलेला पास असतो, हे हॉकीच्या लोकप्रिय इतिहासलेखनात जेवढे विसरले जाते तेवढे दुसरे काही विसरले जात नसेल.

आकड्यांच्या या रांगेत सर्व जागा सारख्या कठीण नव्हत्या, आणि त्याचे कारण हॉकीच्या स्टिकमध्ये आहे. स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू त्याच बाजूने खेळावा लागतो. डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक या खेळात नाही. डावा हात स्टिकच्या टोकाला व उजवा त्याखाली अशा पकडीमुळे चेंडू खेळाडूच्या उजव्या अंगाला राहतो आणि उजवीकडून डावीकडे जोरदार फटका मारणे स्वाभाविक असते, उलट दिशेने तो मारायचा तर पाय आणि खांदे फिरवावे लागतात. त्यामुळे ७ क्रमांकाचा राइट आउट कडेने धावत जाऊन चेंडू सहज गोलसमोर पाठवू शकतो; ११ क्रमांकाच्या लेफ्ट आउटला मात्र तेच करताना धाव थांबवून अंग वळवावे लागते, आणि तेवढ्या अर्ध्या क्षणात समोरचा बॅक येऊन पोचतो. लेफ्ट हाफची अडचण त्याहून मोठी असते, कारण प्रतिस्पर्धी राइट आउट त्याच्या डाव्या हाताला, बाहेरच्या कडेने निसटतो, आणि तिथे त्याला स्टिक उलटी करून, म्हणजे ‘रिव्हर्स’ने, चेंडू अडवावा लागतो. मातीच्या उंचसखल मैदानावर रिव्हर्सने चेंडू अडवणे हे नशिबावर सोडलेले काम होते. म्हणून डाव्या बाजूच्या खेळाडूंची थोरवी ठरवताना गोलसंख्येचा दाखला अपुरा पडतो; १९३२ आणि १९३६ च्या संघांत लेफ्ट आउट असलेले जाफर किंवा १९८४ च्या ऑलिंपिक संघाचे कर्णधार झफर इक्बाल यांचे मोल त्यांनी केलेल्या गोलांपेक्षा त्यांनी आत पाठवलेल्या चेंडूंत शोधावे लागते.

महाराष्ट्राने, किंवा अधिक नेमकेपणाने मुंबई इलाख्याने, या खेळाला आधी खेळाडूंपेक्षा मैदान आणि बंदर दिले. मुंबईतील आगाखान चषकाची सुरुवात १८९६ मध्ये झाली. कलकत्त्यातील बेटन चषक त्याच्या एक वर्ष आधीचा. भारताचा पहिला ऑलिंपिक संघ मार्च १९२८ मध्ये मुंबईहूनच बोटीने निघाला, आणि निघण्यापूर्वी मुंबईच्या संघाने त्याला ३-२ असे हरवले. त्या पराभवामुळे असो वा एकूण अनास्थेमुळे, निरोप द्यायला बंदरावर अवघी तीन माणसे आली होती, असे ध्यानचंदांनी आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. ॲमस्टरडॅममध्ये याच संघाने पाच सामन्यांत २९ गोल केले, त्यांतले १४ ध्यानचंदांचे. भारतावर एकही गोल झाला नाही आणि परतल्यावर मुंबईत स्वागताला मोठी गर्दी लोटली.

ज्या झाशीत ध्यानचंद वाढले तिथून मुंबईला येणारा ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग इटारसी, खंडवा करीत भुसावळला येतो आणि जळगाव, पाचोरा, चाळीसगाव असा खानदेश आडवा कापून पुढे जातो. भारतात हॉकी पसरली ती मुख्यतः दोन वाटांनी, लष्करी छावण्यांच्या आणि रेल्वे वसाहतींच्या. लेस्ली क्लॉडियस बिलासपूरच्या रेल्वे वस्तीत वाढले, तर ध्यानचंद आणि शंकर लक्ष्मण यांना खेळ मिळाला तो सैन्यात. खानदेशातले रेल्वेचे मोठे ठाणे भुसावळ; धुळे मात्र चाळीसगावहून निघालेल्या शाखेच्या टोकाला, मुख्य मार्गापासून दूर राहिले. खानदेशाच्या पश्चिम भागाने कुस्ती, कबड्डी आणि खो-खो जोपासले आणि हॉकी तिथे पाहुण्यासारखी आली, याचे एक कारण या लोहमार्गाच्या नकाशात दिसते. दुसरे कारण साध्या खर्चाचे आहे. तालमीला लाल माती पुरते, खो-खोला दोन खांब पुरतात. हॉकीला प्रत्येकाच्या हाती स्टिक, गोलरक्षकाला पॅड आणि सपाट केलेले मोठे मैदान लागते.

खानदेशाचा या इतिहासाशी दुसरा संबंध रस्त्याचा आहे. धुळ्याहून देवपूरकडे जाणारा आग्रा रोड उत्तरेला शिरपूर, सेंधवा करीत घाट चढून ज्या महूला पोचतो, त्या छावणीच्या गावाने भारतीय हॉकीला दोन अव्वल माणसे दिली. त्यांपैकी किशनलाल हे राइट आउट, म्हणजे ७ च्या जागेचे खेळाडू. ते मुंबईच्या बी. बी. अँड सी. आय. रेल्वेकडून, म्हणजे पुढच्या पश्चिम रेल्वेकडून खेळले आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या पहिल्या हॉकी संघाचे कर्णधार झाले. १२ ऑगस्ट १९४८ रोजी त्या संघाने ब्रिटनला ४-० असे हरवले. त्या संघात मुंबईकडून खेळणाऱ्यांची संख्या लक्षणीय होती. लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ, रेजिनाल्ड रॉड्रिग्ज ही नावे पाहिली की मुंबईच्या हॉकीत गोमंतकीय ख्रिस्ती समाजाचा वाटा किती होता हे वेगळे सांगावे लागत नाही. गोलरक्षक पिंटो हे गोव्याच्या कुळातले. सेंटर फॉरवर्डच्या जागेसाठी त्या संघात बलबीरसिंग होते. पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सवर मिळवलेल्या ६-१ विजयात त्यांनी एकट्याने पाच गोल केले, आणि ९ ची जागा ध्यानचंदांनंतर रिकामी राहिली नाही हे सिद्ध केले.

महूचे दुसरे खेळाडू शंकर लक्ष्मण. १ क्रमांकाच्या जागेचा भारताचा सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण, या वादात त्यांचे नाव टाळून पुढे जाता येत नाही, आणि मराठी वाचकाला त्यांच्याविषयी आणखी एका कारणाने आपलेपणा वाटावा : ते मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई होते. १९४७ मध्ये ते सैन्याच्या बँडमध्ये भरती झाले आणि कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. १९५६ चे मेलबर्न, १९६० चे रोम आणि १९६४ चे टोकियो या तिन्ही ऑलिंपिकमध्ये भारत पाकिस्तानविरुद्ध अंतिम सामना खेळला, निकाल अनुक्रमे १-० विजय, ०-१ पराभव आणि १-० विजय असे लागले, आणि तिन्ही वेळा गोलमध्ये लक्ष्मण होते. एवढ्या तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्यासमोर तीन अंतिम सामन्यांत मिळून एकच गोल, हा हिशेब रिचर्ड ॲलन यांच्या कीर्तीपेक्षाही भारी पडतो, कारण ॲलन यांच्या काळात चेंडू भारताच्या गोलपर्यंत क्वचितच येई. लक्ष्मण यांच्या वेळच्या गोलरक्षकाकडे आजच्यासारखे शिरस्त्राण, छातीचे कवच किंवा फोमचे जाड पॅड नव्हते. पायाला पातळ पॅड, हातात स्टिक आणि समोरून येणारा कडक चेंडू, एवढ्यावर सारे चाले. १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत ते कर्णधार होते आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. गोलरक्षकाकडे कर्णधारपद देणे तेव्हा नवलाचे होते. २००६ मध्ये महूलाच त्यांचे निधन झाले. अखेरचा काळ त्यांनी पायाच्या दुखण्यात आणि हलाखीत काढला, याबद्दल या देशाच्या क्रीडाव्यवस्थेला फारसे काही बोलता येण्यासारखे नाही.

मराठा रेजिमेंटचे केंद्र बेळगावला असल्याने तिथल्या छावणीभोवतीही हॉकी रुजली, आणि टोकियोच्या सुवर्णपदक विजेत्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते. १९७५ मध्ये क्वालालंपूर येथे भारताने जो एकमेव विश्वचषक जिंकला त्या संघात शिवाजी पवार हे फॉरवर्ड होते. १५ मार्चच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानवर २-१ विजय मिळवून देणारा गोल ध्यानचंदांचे पुत्र अशोककुमार यांचा. या संघाचे कर्णधार अजितपालसिंग हे सेंटर हाफ, आणि ५ च्या जागेवरून संपूर्ण सामना कसा चालवावा याचा त्यांचा खेळ म्हणजे वस्तुपाठच होता. राइट हाफच्या जागेचे क्लॉडियस, बॅकच्या जागेचे रणधीरसिंग जेंटल, पृथिपालसिंग व सुरजितसिंग यांची नावे धरली की जागांच्या या जुन्या यादीतले बहुतेक रकाने भरतात.

त्यानंतर ती यादीच मोडली. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम गवतावर खेळली गेली आणि आदल्याच वर्षीचा विश्वविजेता भारत सातव्या क्रमांकावर घसरला. या पृष्ठभागावर चेंडू उसळत नाही, सरळ आणि वेगाने जातो. स्टिकच्या कौशल्याइतकेच पायातल्या दमाला महत्त्व आले आणि दोन-तीन-पाच या मांडणीऐवजी युरोपीय संघांनी बचावात अधिक माणसे ठेवून सर्वांनी मिळून पुढे-मागे करण्याची पद्धत आणली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करण्याची मुभा मिळाली, आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात ‘ऑफसाइड’चा नियम, म्हणजे फॉरवर्डने बचावफळीच्या पलीकडे आधीच जाऊन उभे राहण्यावरचा निर्बंध, रद्द झाला. आता राइट इन आणि लेफ्ट इन या जागाच राहिल्या नाहीत. दर काही मिनिटांनी फॉरवर्ड बदलू लागले. मग पाठीवरचा आकडा कोणत्या जागेचा म्हणायचा? स्पर्धेच्या यादीत ज्या खेळाडूसमोर जो आकडा लिहिला तो त्याचा, एवढाच अर्थ उरला. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांनी दीर्घकाळ हे आकडे १ ते ३२ मध्येच ठेवले, म्हणून क्रिकेटमधल्या ४५ किंवा ९९ सारखे आकडे हॉकीच्या मैदानावर दिसत नसत.

या संक्रमणाच्या काळात महाराष्ट्राने दिलेली पिढी विशेष विचारात घेण्याजोगी आहे. एम. एम. सोमय्या आणि मर्विन फर्नांडिस हे मुंबईचे दोघेही १९८०, १९८४ व १९८८ अशा तीन ऑलिंपिकमध्ये खेळले, मॉस्कोचे सुवर्णपदक दोघांनाही मिळाले, आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सोमय्या कर्णधार होते. त्यांचे समकालीन जोकिम कार्व्हालो यांचे मोठे काम खेळाडू म्हणून होतेच, पण पुण्याच्या खडकीतून आलेल्या एका किरकोळ अंगाच्या मुलाला त्यांनी मुंबईत आधार दिला, हेही त्यांच्या नावावर लिहिले पाहिजे. तो मुलगा म्हणजे धनराज पिल्ले.

दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत १९६८ मध्ये जन्मलेले धनराज हे महाराष्ट्राने भारतीय हॉकीला दिलेले सर्वांत मोठे नाव, आणि त्यांना जुन्या यादीतला कोणताही एक आकडा देता येत नाही. ते आघाडीच्या फळीत उजवीकडून सुरुवात करीत, मधे येत, चेंडू मिळाला नाही तर मागे हाफपर्यंत उतरत, आणि मिळाला की सरळ रेषेत गोलकडे धावत सुटत. जुन्या प्रशिक्षकाने ‘जागा सोडू नको’ म्हणून ओरडावे असाच तो खेळ होता. १९८९ ते २००४ या काळात चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स चषक आणि चार आशियाई स्पर्धा खेळलेला हा जगातला विरळा खेळाडू. त्यांचे आंतरराष्ट्रीय सामने ३३९ मानले जातात आणि गोल १७० च्या आसपास. ‘आसपास’ म्हणावे लागते, कारण तत्कालीन संघटनेने गोलांची अधिकृत नोंद नीट ठेवलीच नाही. ज्या देशात आघाडीच्या खेळाडूचे गोलही मोजले गेले नाहीत तिथे त्याच्या पाठीवरचा आकडा कोण जपणार होते? १९९८ मध्ये बँकॉक येथे धनराज यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. लक्ष्मण यांच्या संघानंतर बत्तीस वर्षांनी, आणि त्याच शहरात. त्या विजयानंतर थोड्याच काळात संघातील अनेक ज्येष्ठ खेळाडू, धनराज यांच्यासह, वगळले गेले.

महिलांच्या हॉकीत पुण्या-मुंबईचा वाटा पुरुषांइतकाच जुना नसला तरी ठसठशीत आहे. पुण्याच्या एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळवले. त्याआधी मॉस्कोत, महिला हॉकी ऑलिंपिकमध्ये प्रथमच आली तेव्हा, भारतीय संघात रेखा मुंडफन याही होत्या. अलीकडे सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्याने वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे आणि ऋतुजा पिसाळ यांच्या रूपाने राष्ट्रीय संघाला एकामागून एक खेळाडू दिल्या. तालुक्याच्या पातळीवर असे पीक येणे महाराष्ट्रात हॉकीच्या वाट्याला पूर्वी आले नव्हते.

आकडा निवृत्त करण्याची, म्हणजे एखाद्या खेळाडूनंतर तो कोणालाच न देण्याची, चाल मुळात उत्तर अमेरिकेतली. टोरंटोच्या बर्फावरील हॉकी संघाने जखमी होऊन खेळ सोडावा लागलेल्या एस बेली यांचा ६ हा आकडा १९३४ मध्ये असा प्रथम बाजूला काढला, आणि वेन ग्रेट्झ्की यांचा ९९ हा आकडा तर २००० मध्ये, टोरंटोचा संघ ज्या साखळी स्पर्धेत खेळतो तिच्या सर्वच संघांनी सोडून दिला. भारतात ही कल्पना आधी क्रिकेटमध्ये आली, तीही काहीशी अवघडलेल्या रीतीने : सचिन तेंडुलकर निवृत्त झाल्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये पालघरच्या शार्दूल ठाकूर यांनी कोलंबोच्या एकदिवसीय सामन्यात १० क्रमांकाची जर्सी घातली तेव्हा चाहत्यांनी एवढे रान उठवले की त्यांनी पुढे ५४ हा आकडा घेतला आणि १० कोणी घ्यायचा नाही असा अलिखित संकेत झाला. महेंद्रसिंग धोनी यांच्या ७ बाबत तोच निर्णय २०२३ मध्ये कळवण्यात आला.

हॉकीत मात्र हे रीतसर जाहीर झाले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ८ ऑगस्ट २०२४ रोजी स्पेनला २-१ असे हरवून भारताने सलग दुसरे कांस्यपदक मिळवल्यावर गोलरक्षक पी. आर. श्रीजेश निवृत्त झाले, आणि त्याच महिन्यात हॉकी इंडियाने त्यांचा १६ हा आकडा वरिष्ठ संघातून काढून घेतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये महिला संघाच्या माजी कर्णधार राणी रामपाल यांच्या २८ या आकड्याला तोच मान मिळाला. हे दोन्ही आकडे जुन्या १ ते ११ च्या रांगेत नाहीत, यातच सगळा इतिहास आहे. जुन्या हिशेबाने गोलरक्षक श्रीजेश यांच्या पाठीवर १ असायला हवा होता. कर्णधार हरमनप्रीतसिंग यांचा १३ त्या रांगेत बसतच नाही. आणि मनप्रीतसिंग ७ घालून खेळतात ते मधल्या फळीत, राइट आउटला नव्हे. १६ हा आकडा श्रीजेश यांचा होता, गोलरक्षकाच्या जागेचा नव्हता, आणि म्हणूनच तो त्यांच्याबरोबर मैदानाबाहेर नेता आला. ध्यानचंदांच्या बाबतीत हे शक्य झाले नसते. ९ ही जागा बंद करायची तर भारताला सेंटर फॉरवर्डशिवाय खेळावे लागले असते.

श्रीजेश यांच्या कारकिर्दीत त्यांची जागा काही महिने महाराष्ट्राकडे आली होती. २०१७ च्या सुलतान अझलन शाह चषकात गुडघ्याला दुखापत झाल्याने त्यांना बराच काळ बाहेर राहावे लागले, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये ढाक्याला झालेल्या आशिया चषकासाठी यवतमाळचे आकाश चिकटे व मुंबईचे सूरज करकेरा हे दोन गोलरक्षक निवडले गेले. २२ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात भारताने मलेशियाला २-१ असे हरवून दहा वर्षांनी तो चषक परत मिळवला. दोघांनी आपापले आकडे घातले.